केन्केनी

फासिनेने पहिल्या दिवशी मला जेंबे दिलाच नाही.
घरामागून एक बुटका ढोल आणला,
दोन्ही तोंडांना गाईचं कातडं, दोरी मळकी.
"हा केन्केनी. तिघा भावांतला धाकटा.
भुईमूग निघेपर्यंत एवढंच वाजव."

ठोके दोनच.
पण पहिल्या जागी गप्प राहायचं,
कुणाच्या दारात जरा थांबतो तसं,
आणि मग आत शिरायचं.

मी कांकानचा शिंपी.
सतरा वर्षं मशीन पायाखाली,
डोळे मिटूनही टाका वाकडा जात नाही.
दोन ठोक्यांत शिकायचं काय, म्हटलं.
तिसऱ्या दिवशी कळलं,
त्या गप्प जागेवर मी मनातल्या मनात
एक ठोका मारतोय
आणि फासिनेला तो ऐकू येतोय.

मग एकदा धीर करून म्हणालो,
"मला सोली शिकव.
शहरातला हॉटेलवाला पैसे देतो,
पाहुण्यांना जेवताना आवडतं."
तो लेंके लाकडाचं खोड कोरत बसला होता.
वाकस थांबला.
"आज कोणाची मुलं आईपासून वेगळी व्हायची आहेत?"
"कोणाचीच नाहीत."
"मग वाजवू कुणासाठी? बकऱ्यांसाठी?"
आणि पुन्हा ढलप्या उडू लागल्या,
माझ्या चपलेवर, माझ्या दोन ठोक्यांवर.

नान्तेनिनच्या शेतात कासा वाजवायला नेलं त्याने.
वीस माणसं एका रांगेत,
वीस आखूड दांड्याच्या कुदळी
एकदम वर, एकदम मातीत.
आम्ही त्यांच्या पुढे, उलटे चालत,
ढेकळांत टाचा शोधत.
दुपारी माझं लक्ष एका सरड्याकडे गेलं.
अर्ध्या श्वासाएवढंच.
रांगेच्या मधली एक कुदळ उशिरा पडली,
तिच्या शेजारची तिच्यामुळे,
आणि बघता बघता वीस पाठी
उसवलेल्या शिवणीसारख्या सुट्या झाल्या.
कुणी ओरडलं नाही.
एका म्हाताऱ्याने कंबर सरळ केली,
माझ्याकडे पाहिलं, आणि थांबला,
मी परत यायची वाट बघत.

माझ्या हातून कपडे बिघडलेत बरेच.
माणसं कधी बिघडली नव्हती.

सोली शेवटी वाजली ती गावाच्या गरजेने.
सहा मुलं होती त्या वर्षी,
लोहारांच्या आळीतली दोन.
मला कुणी शिकवलं नाही.
रात्री फासिनेने जेंबेवर हात टाकला,
सांगबान उठला, दुनुन्बा घुमला,
आणि माझे हात
मला न विचारता आपल्या जागी जाऊन बसले.

कारण मी ती ऐकली होती.
नऊ वर्षांचा होतो, भिंतीच्या आतल्या बाजूला,
नव्या कपड्याचा खळीचा वास,
चुलतभाऊ रडू नये म्हणून जीभ चावत होता,
आणि बाहेर हाच ताल,
आई असलेल्या जगातून येणारा,
मला बोलावतोय की निरोप देतोय
कळत नव्हतं.
तेव्हाही पहिल्या जागी गप्प होतं कुणीतरी.
त्या रिकाम्या जागेत मी
रात्रभर श्वास घेतला होता.

पहाटे बोटं सुजली.
फासिनेने शेपूची नाही, शाबासकीची नाही,
शेंगदाण्याच्या रश्श्याची वाटी पुढे सरकवली,
स्वतःच्या आधी.

कांकानला परतल्यावर आईला सगळं सांगितलं.
ती तांदळातले खडे निवडत होती.
"तुझ्या सोलीत केन्केनीवाला तीनदा चुकला,"
ती म्हणाली.
"मी मोजलं.
नाचत होते, पण
दुसरं करणार काय होते त्या रात्री?"