बत्तीशी

कर्कॉडीतला माझा दवाखाना, समोर फोर्थची खाडी.
खुर्चीत वॉरन पेट्रिशिन. आ करतो,
आणि मी त्याची कारकीर्द वाचू लागते.

वरचे दोन मूस जॉला ठेवून आला, सतराव्या वर्षी.
सुळा टोलीडोत, कुणाचं तरी कोपर.
दाढ मात्र इथलीच:
शेवटचा हंगाम, डंडीशी सामना,
आपल्याच गोलकीपरची स्टिक.

"गोल किती केलेत?"
तोंडात कापूस. बोटं दाखवली. नऊ.
चौदा हंगामांत नऊ.
मग कापूस थुंकून म्हणाला,
असं नाही विचारायचं डॉक्टर,
बचावपटूला विचारावं
किती झाले नाहीत.
आणि ते कुठं लिहिलेलं नसतं.

कवळी बसवली. आरशात बघून
सहा फूट तीन इंचांचा माणूस चक्क ओशाळला.
"शनिवारी काढून ठेवली तर चालेल?
रिंकवरची पोरं ओळखायची नाहीत मला."
पाण्यात ठेवा, म्हटलं. विसरू नका.

निघताना दारात मिसेस गेडिस, काठी टेकत.
दार धरून तो तिरका उभा राहिला
त्या आत येईतो,
खाडीचा सगळा वारा
पाठीवर घेत.