गाढवाचा कान

पहाटे चारला उठावं लागतं.
मे महिन्यात शाई काचेवर पसरेपर्यंतच वाळते,
रोलर चुरचुरत सुटतो, आणि
मुंगसाच्या पाठीवर पांढरे चट्टे उमटतात.
चारला मात्र जमतं.
लांब कुठे तरी मालगाडी सिग्नलसाठी ताटकळलेली,
शेजारचा कूलर घरघरतोय,
आणि मी स्वयंपाकाच्या ओट्यावर
भाताच्या पळीच्या पाठीनं कागद घासत उभी.
प्रेस नाही माझ्याकडे. पळी आहे.

दहाला कळमन्याच्या अडतीवर.
मिरचीच्या पोत्यांच्या पावत्या लिहिते,
शिंका आवरत. सतरा वर्षं झाली.
नखांतली काळी शाई पाहून मापाडी म्हणाला,
"ताई, गाडी दुरुस्त करून राहिल्या का?"
हो म्हटलं. सोपं पडतं.

लिनोचं एक बरं आहे, उन्हात तो मऊ होतो :
गच्चीवर पाच मिनिटं ठेवा, लोण्यासारखा कापतो.
एक वाईट आहे :
कोरलेलं परत भरत नाही.
चिचुंद्रीची शेपूट माझ्या हातून तुटली ती तुटलीच,
आता ती बिनशेपटीचीच फिरते
पंधरा प्रतींमधून.
पहिल्या ठशावर तर माझं नावच उलटं आलं.
तीन जणांना दाखवला. तिघंही "छान" म्हणाले.

दिवाळीआधी धरमपेठेत, शाळेच्या पटांगणात
एक टेबल घेतलं, नऊशे रुपये भाडं.
एका बाजूला ज्वारीचे पापड, दुसऱ्या बाजूला मेणाच्या पणत्या,
मधे दोरीला चिमट्यांनी लटकलेली माझी
टिटवी, म्हैस, खार, मुंगूस, शेपूट नसलेली ती.
"वाघ नाही का?"
पहिल्या दिवशी मी मोजलं. एकतीस वेळा.
"नागपुरात राहून वाघ नाही म्हणता, बाप्पा!"
खार मात्र विकली गेली, एकशेवीसला.
त्या बाईंच्या घरी तेवढ्याच मापाची चौकट रिकामी होती.

मग केला वाघ. खोटं कशाला सांगू.
अकरा रात्री पट्टे कोरले.
छापला तर रेशन दुकानातलं मांजर,
ज्याला आत्ताच सांगितलंय की
या महिन्याचा कोटा आला नाही.
सध्या तो शेगडीखाली तेल टिपतो.
त्या कामाला बरा आहे.

एप्रिलात डोमाजी आले, कूलरचं गवत बदलायला.
दोरीवर गाढव वाळत होतं, पाठीवर रेतीची गोणी.
हात पुसत ते उभे राहिले. खूप वेळ.
मी चहा टाकला, तरी उभेच.
"याचा कान चुकला, बाई."
"कोणता?"
"दोन्ही. ओझं असते तवा असे नाही राहत.
एक पुढं, रस्त्यासाठी.
एक मागं, मालक काय म्हणते त्यासाठी.
माह्या बापाजवळ सात होते. कन्हानची रेती वाहाचे."
छान म्हणाले नाहीत.
गवताचे साडेचारशे घेतले,
चहा बशीत ओतून प्यायले, गेले.

मी दार लावलं आणि
ओट्याला टेकून कितीतरी वेळ हसत होते,
नंतर हसत नव्हते.
वर्षभरात पहिल्यांदा कुणी तरी
त्या कागदावर गाढव पाहिलं होतं.

एकोणीस प्रती ट्रंकेत ठेवल्या.
नवा तुकडा गच्चीवर तापवून आणला.
आता गोंधळ असा :
ठशावर डावं ते कागदावर उजवं,
मग मागचा कान मी कुठल्या बाजूला कोरू?
ठसा छातीशी धरून आरशासमोर उभी राहते.
एक कान पुढं करून पाहते, एक मागं.
माझे हलत नाहीत.

पावणेसहाला नळ खोकतो.
कोरणी खाली ठेवते, बादली लावते.
पुढचा झालाय.
मागच्याची नुसती पेन्सिलीची रेघ आहे अजून.