सहा की सात

मे महिन्यात महालातल्या छापखान्यात
दुपारी कोणी फिरकत नाही.
कूलरमधलं पाणी संपत आलं की वाळा कुरकुरतो,
वारा तापतो. मी उठते, बादली ओतते,
पुन्हा तिच्या गावात येऊन बसते.

पानं उडू नयेत म्हणून वर कांदा ठेवलाय,
ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये टाकून आणलेला.

माझं काम ऱ्हस्व-दीर्घ. पानामागे अठरा रुपये.
'नदी' बरोबर आहे. 'नदीत' बरोबर आहे.
नदीत जे होतं
त्याचंही शुद्धलेखन बरोबर आहे.

बाविसाव्या पानावर तिला सहा भावंडं.
एकेचाळिसाव्यावर सात.
शिसपेन्सिलीनं गोल केला, समासात लिहिलं : सहा की सात?
लिहिताना हात थांबला नाही,
हे नंतर आठवलं. साठाव्या पानावर,
जिथं न्यायालय तिला विचारतं,
तेव्हा किती वाजले होते?
ती म्हणते, दूध तापत ठेवलं होतं.
पुन्हा विचारतात. ती पुन्हा दूध सांगते.
दुभाष्यानं काय केलं, नोंद नाही.

मधे एक प्रकरण भराभर गेलं.
एकही चूक सापडली नाही,
म्हणजे मी वाचत नव्हते,
तिची धाकटी वाचते का ते बघत होते.
मागे आले. या वेळी अक्षर अन् अक्षर.
पण अक्षर अन् अक्षर वाचलं की अर्थ दिसेनासा होतो,
या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.
त्यावरच तर पोट आहे.

चारला ढोमनेनं तर्री-पोहे आणले.
मी खाल्ले. चांगले होते.
बोटाचं तेल समासात उमटलं,
खोडरबरानं आणखी पसरलं.

संध्याकाळी गजभिये बाईंना फोन लावला.
हे मराठीत आणायला त्यांना तीन उन्हाळे लागले.
म्हटलं, एकच आकडा ठेवू या का,
नाहीतर लोकांना वाटेल आपलीच चूक.
बराच वेळ नुसत्या कुकरच्या शिट्ट्या.
मग म्हणाल्या, मुळातही तसंच आहे.
मी हात नाही लावला. तूही नको लावू.

गोल खोडला.
कागदात खळगा राहिलाय, बोट फिरवलं की लागतो.

रात्री घरी दूध तापत ठेवलं
आणि ते उतू जाईपर्यंत
तिथंच उभी होते, समोर.
भाऊ म्हणाला, काहून वं, लक्ष कुठं आहे?

लक्ष तिथंच होतं.