थुंकीचा निकाल

डाव्या छातीत वर, हासळीच्या हाडाखाली
डॉक्टरणीला दिसला एक पांढुरका डाग,
वाटाण्याएवढा.
"पूर्वी कधी टीबी?"
आई म्हणाली, "टीबी न्हाई बाई, जर्दा.
एकतीस वरसं वखारीत चाळण मारली,
त्यातला चिमूटभर ऱ्हायला असंल आत."
डॉक्टरणीने लिहिलं: थुंकी, तीन सकाळी.
मग वाट बघा. आठ आठवडे.

तीन सकाळी थुंकून आम्ही निपाणीला परतलो,
रात्रीच्या गाडीने, मांडीवर फाईल,
तिच्या दंडावर सुयांचे कापूस.
तिकडे दादाने थंडीचा कोट घेऊन ठेवलेला,
आणि मुंबईत कुठल्याशा उबेत
बाटलीत बंद आईची थुंकी,
काही उगवतंय का बघायला.
गल्लीत ज्याने त्याने विचारलं, झालं का काम?
आई सांगायची,
"पेरणी झाल्या. उगवू नये म्हून नवस बोला."

त्या आठवड्यांत मी कागद लावत बसले.
जन्माच्या कानडी दाखल्यावर ती अक्कातायी,
शाळेत आकुताई, रेशनकार्डावर आक्काताई भरमा,
पासपोर्टात आक्काताई भरमू मगदूम.
चिकोडीच्या वकिलाने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की या सगळ्या बायका एकच.
"आणि राज्य?" त्याचं पेन थांबलं.
जन्मली तेव्हा मुंबई,
दुधाचे दात पडायच्या आत म्हैसूर,
दादा पोटात असताना कर्नाटक.
आई म्हणाली, "मी तर जागची हल्ले न्हाई.
साखरवाडीतनं अक्कोळ रोडला आले, तेवढंच."

अठ्ठावन्नाव्या दिवशी फोन आला.
काही उगवलं नव्हतं.

मुलाखतीला मला आत सोडलं नाही.
तिचा मोबाईल, पिशवी आणि मिश्रीची डबी सांभाळत
फाटकासमोर उभी राहिले दोन तास.
आतलं सगळं मला तिच्याच तोंडून कळलं,
तेही दर वेळी थोडं वेगळं.

काचेपलीकडे गोरा पोरगा, शेजारी मराठी बोलणारी बाई.
"शपथ घ्यायची आहे, उजवा हात वर करा."
आईने केला, मूठ आवळून.
वखारीच्या सभेत हात वर म्हणजे तसाच,
तिला दुसरा माहीत नव्हता.
बाई म्हणाली, "आजी, मूठ सोडा."
मग बोटं मशीनवर. मशीनला रेषाच सापडेनात.
पुसली, दाबली, पदराला पुन्हा पुसली.
"तंबाकूनं खाल्ल्या, सायेब.
मागं आधारलाबी हीच रड हुती."

विचारलं, मुलं किती?
"दोन."
तुमच्याजवळ कोण राहतं?
इथे आई गोष्ट बदलते.
शेजारच्या कलावतीला म्हणाली,
सांगितलं की, लेक हाय म्हून.
दादाला फोनवर म्हणाली,
असलं काय इचारलंच न्हाई.
मला म्हणाली,
काच लई जाड हुती, ऐकूच आलं न्हाई.

पासपोर्ट आता तुरडाळीच्या डब्यात आहे.
आत तिचा फोटो, डोक्यावर पदर नसलेला,
बिनओळखीचा.
तिकीट नोव्हेंबरचं.
दादा विचारतो, आईला चालण्याची सवय लावलीस का,
तिकडं घरं लांब लांब असतात.

रात्री ती खोकते.
आधी मी कूस बदलून झोपायचे.
आता मोजते.

काल भाकरी थापता थापता म्हणाली,
"तुझीबी छाती येकदा दावून घे.
वखारीतनं आले की
लुगडं न बदलताच घ्यायची तुला कुशीत."

मी म्हटलं, बघू.
डबीतली मिश्री संपली होती.
चपला घालून आणायला निघाले.