बिटर, वीस लिटर

दिवसभर मी द्राक्षांची साखर मोजते.
दिंडोरीच्या लॅबमध्ये एकेक थेंब काचेवर,
बावीस ब्रिक्स, साडेबावीस,
मालक खूश, ट्रॅक्टर रांगेत.
रात्री पाथर्डी फाट्यावरच्या स्वयंपाकघरात
वहीच्या मागच्या पानावर लिहिते: कडू.
पुढे काय लिहावं ते कळत नाही.

मागणी नोशीरकाका भरूचांची. देवळाली कॅम्प,
वय एक्क्याऐंशी, गुडघे दोन्ही बदललेले.
एकोणसत्तर साली बर्टनला फिटर होते, दोन वर्षं.
"नाव बिटर, पण कडू नाय, डिकरी.
कसं सांगू तुला,
चहात बिस्कीट पडून विरघळतं ना,
तो शेवटचा घोट. तसं.
पण चहा नाय."
एवढ्यावरून पाककृती करायची.

तर, फिकट माल्ट साडेतीन किलो.
क्रिस्टल माल्ट पाव किलो
(पहिल्या खेपेला अर्धा घातलं,
काका म्हणाले, "ही तर खीर").
काकवी दीडशे ग्रॅम, निफाडच्या गुऱ्हाळावरची,
बाटलीच्या तोंडाशी मुंगी चिकटलेली, ती काढून.
हॉप्स मात्र इंग्लंडचेच, पुण्याहून कुरिअरने.
पाकीट फोडलं तर आत
गवताची गंजी, संत्र्याची साल,
आणि कुणाच्या तरी कपाटाचा न उघडलेला खण.
पस्तीस ग्रॅम तासभर उकळायचे:
वास उडून जातो, कडूपणा राहतो.
वीस ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत: त्यांचं उलटं.
आधी आलेल्यांनी कडू व्हायचं,
उशिरा आलेल्यांनी दरवळायचं,
हे मी ऑफिसातही पाहिलंय.

अडलं ते पाण्यावर.
आमच्या सोसायटीचं बोअर काळ्या खडकातलं.
तीन गिझर खाल्ले त्याने,
नळांना पांढऱ्या दाढ्या आणल्या.
शेलारवहिनी म्हणतात, यात डाळ शिजत नाही
आणि माणूसही शिजणार नाही.
मी रिपोर्ट काढला, दोनदा वाचला.
उकळून, गाळ बसू देऊन, वरचंच घेतलं
तर हे शिव्या खाल्लेलं पाणी
बर्टनपासून एका क्षाराइतकंच लांब.

जिप्सम. बागाईतदारांच्या रोजच्या ओळखीचं.
पंचवटीतल्या कृषी सेवा केंद्रात विचारलं.
"किती एकर?"
"दोन चमचे."
दुकानदार बराच वेळ बघत राहिला,
मग आतल्या पोराला हाक मारली, "ये, ऐक हे."
ते जमिनीचं निघालं, पोटाचं नव्हे.
शेवटी लॅबच्या पुरवठादाराकडून खाण्याचं मागवलं,
पण दुकानाची गोष्ट काकांना
तीनदा सांगावी लागली.

पौषात रात्रीचा पारा आठवर.
यीस्टला अठरा लागतात, त्याखाली ते रुसतं.
ड्रमला गोधडी, गोधडीत थर्मामीटर.
दोन वाजता उठून कान लावला:
टप्प.
बराच वेळ काही नाही.
टप्प.
भिंतीपलीकडे कुणी सावकाश, विचार करून,
पत्ता टाकत असावं तसं.

तिसरी खेप.
फ्रिजमध्ये ठेवायची नाही, ही सक्त ताकीद.
फेस बेताचा. रंग तांब्याच्या गडूचा,
घासून दोन दिवस झालेल्या.
काका अर्धा ग्लास प्याले, बोलले नाहीत.
मी वही उघडून, पेनाचं टोपण काढून.
तोफखान्याच्या मैदानावर सराव चाललेला,
खिडकीची काच मधूनच थरथरायची.

मग म्हणाले,
"आमच्या घरमालकिणीचा कुत्रा होता एक.
पन्नास वरसं नाव आठवत नव्हतं.
डस्टर.
डस्टर नाव त्याचं.
एक कान असा दुमडलेला."

बरं, पण कडूपणा? फार? कमी?
त्यांनी हात केला, थांब असा,
आणि उरलेला अर्धा प्यायला घेतला.

मी लिहिलं: काकवी शंभर ग्रॅम.
मग खोडलं.
दीडशेच राहू दे.