दगडाला विटाळ नाही

चुनखडी ओली असते तेव्हाच कापावी.
वाळली की हट्टाला पेटते,
छिन्नी घसरते
आणि अंगठ्यात जाते. हा बघ.

रिम्मोनच्या टेकडीत आमची खाण.
चरकावर दगड फिरतो, पोटातला गाभा सुटतो;
पेला विकला जातो, गाभा मागे राहतो.
चाळीस वर्षांचे गाभे त्या उतारावर पडलेत,
पोरं त्यांची गाढवं करून खेळतात.

गिऱ्हाईक एकच विचारतं : नक्की दगडाचाच ना?
मातीचं भांडं विटाळलं की फोडावं लागतं.
दगडाला विटाळ नाही.
का, असं मी बापाला विचारलं होतं.
म्हणाला, त्यानं भट्टी पाहिलेली नाही.
माणसाच्या आगीतून जे गेलं नाही
ते अजून देवाच्याच हातात आहे.
मग भुवयांवरची पांढरी पूड पुसली
आणि मला कामाला लावलं.

शप्पीरा गेली तेव्हा जवाची कापणी चालली होती.
बाळंतपणात गेली. बाळही.
छपराखाली प्रेत असलं की
आतलं सगळं सात दिवस विटाळतं :
अंथरूण, माठ, उघडं पीठ, मी.
तिसऱ्या दिवशी राखेचं पाणी
एजोबाच्या काडीनं अंगावर शिंपडतात,
सातव्या दिवशी पुन्हा.
शेजारी वाईट नव्हते, हे ध्यानात ठेव.
योएझेरच्या बायकोला सणाला यरुशलेमला जायचं होतं,
तरी ती रोज उंबऱ्याबाहेर भाकरी ठेवायची
आणि तिथंच उभी राहून रडायची,
माझ्याहून मोठ्यानं.

चौथ्या दिवशी दोघे आले.
झोळी नाही, काठी नाही, पायात काही नाही.
वेशीबाहेर मारलेल्या त्या गुरूची माणसं.
धाकटा दारात थबकला.
थोरला अकब्या, पूर्वी कातडी कमवायचा,
वास अजून अंगाला होता.
म्हटलं, आत येऊ नकोस, मयताचं घर आहे.
म्हणाला, माहीत आहे.
आणि आला.

मला वाटलं, आता बोलेल.
येणारं राज्य, शेवटचा दिवस,
त्यांचं बोलणं आमच्या गावापर्यंत पोचलंच होतं.
तो बोलला नाही.
माठातलं पाणी माझ्याच एका पेल्यात ओतलं,
मला पाजलं,
उरलेलं स्वतः प्यायला.
हात न धुता भाकरी मोडली.
मी त्याच्या नखांकडे पाहत राहिलो.
राग आला मला, खोटं कशाला सांगू.
ज्यावर माझी चूल पेटायची
ते यानं एका घोटात गिळलं होतं.

मग विचारलं त्यानं, ती हसायची कशी?

तीन रात्री राहिला.
सातव्या दिवशी मी कुंडाच्या पायऱ्या उतरलो
तर हा मागे, अंगरखा काठावर टाकून.
म्हटलं, तुला कशाला? तू तर मानत नाहीस.
म्हणाला, असं मी कधी म्हटलं?
हे पाणी माझ्याही आजोबांचं आहे.
आणि बुडी मारली, केसांसकट.
गार होतं फार. दोघंही ओरडलो.

पुढे त्यांच्यातच भांडणं झाली म्हणे,
दूर अंत्युखियात,
कुणी कुणाच्या पंगतीला बसायचं यावरून.
अकब्या कोणत्या पंगतीला बसला, कळलं नाही.
मी त्यांच्यात गेलो नाही.
शब्बाथ पाळतो, हात धुतो.
तो माठ त्याच आठवड्यात फोडला,
खापऱ्या कुंपणापलीकडे पुरल्या.

पेला फोडायचं कारण नव्हतं.
त्यालाही राखेचं पाणी लावायचं का, विचारलं
तर काडीवाला हसला :
कुंभाराला विचार हे, तू पाथरवट ना?
योएझेरनं दोनदा भाव विचारला.
दिला नाही.
तो बघ, फळीवर, मागच्या बाजूला.
कडेला टवका आहे, तो माझ्याच हातचा.
त्यातून मी पीत नाही.
धुतलाही नाही अजून.

चल, फिरव चरक.
दगड वाळतोय.