साडेचव्वेचाळीस

मत्रहच्या सूकमध्ये, लोबानाच्या धुराआड,
मुर्तझा लवातींच्या फळीवर
एक पितळी कडं उभं होतं, हिरव्या रेशमी तारेचे वेढे ल्यालेलं,
मधोमध काचेची डबी, डबीत सुई.
“जहाजाचा कंपास,” ते म्हणाले,
“आजोबांच्या गलबतावरचा. पंधरा रियाल.”

सुई खंजिरांकडे झुकली होती.
म्यानं चांदीची, पण पाती पोलादाची.
म्हटलं, ते तबक जरा लांब ठेवाल का?
आणि किल्ल्यांचा जुडगाही?
हसले, पण उठले.

देवरूखच्या कॉलेजात बाबा प्रयोगशाळेत शिपाई होते.
प्रॅक्टिकलच्या दिवशी दारातच पोरांच्या कंपासपेट्या काढून घेत,
स्वतःचा बकलाचा पट्टाही सोडून ठेवत
आणि एका हाताने पँट धरून
टेबलाटेबलावरून फिरत.
“लोखंड जवळ असलं की ही खोटं बोलते.”

सुई हलली, डुलली,
बऱ्याच वेळाने उत्तरेला थांबली.
उत्तरेला इथून माझं काहीच नाही.
देवरूख आग्नेयेला, समुद्रापलीकडे.

तीन स्क्रूंवर बैठक सपाट केली.
कडं सुईच्या रेषेत आणलं.
मुर्तझाभाईंच्या टॉर्चमधला संपत आलेला सेल,
त्याच टॉर्चचा दिवा मध्ये,
दोन तारा पन्नास वेढ्यांना.
दिव्यात जेमतेम तांबूस जीव आला.
आणि सुई उठून चालू लागली.

“अरे!” ते म्हणाले, “उत्तर कुठे चालली?”

श्वास लांब ठेवायचा.
खालच्या आरशात काटा स्वतःच्या सावलीवर बसला
की मगच वाचायचं.
दोन्ही टोकं. मग प्रवाह उलटा करून पुन्हा दोन्ही टोकं.
त्रेचाळीस. चव्वेचाळीस. शेहेचाळीस. पंचेचाळीस.
बिलाच्या पाठीवर मी सरासरी काढली.

पंचेचाळीसला तारेची ओढ आणि पृथ्वीची ओढ
सारखी असते, हे बाबांना सूत्रातून माहीत नव्हतं.
ते म्हणत, “इथे दोघांची बोलाचाली थांबते.”
साडेचव्वेचाळीस.
अर्ध्या अंशाने पृथ्वी वरचढ.

सोहारच्या प्लँटमध्ये मी रोज शेकडो अँपिअर
पडद्यावरच्या आकड्यांत वाचते.
तिथे कुणी कुणाला ओढताना दिसत नाही.

“कंपास नाही मग हे?”
“नाही. वीज मोजायचं आहे. जुनं.”
मुर्तझाभाईंनी काच फडक्याने पुसली,
खंजिरांचं तबक उचललं, क्षणभर थबकले,
आणि दुसऱ्याच फळीवर ठेवलं.
“मग पंचवीस,” ते म्हणाले.
“सेलचे पैसे नकोत.”